उत्तर न आल्यास मंजूर

देऊळगाव राजा
११ मार्च २०२५

ती. आबांना,

नमस्कार ठेवते. उचलायचा की उंबऱ्यातच पडू द्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही असं समताताई सांगते. फोन माझा असला की त्याहून कमी ऐकू येतं, हेही तीच सांगते. म्हणून कागदावर आले. कागद रागाने बाजूला ठेवला तरी पुन्हा हाती घेता येतो.

सप्टेंबरच्या सभेतून तुम्ही उठलात ते थेट सोनाळ्याला, थोरल्या लेकीच्या घरी. आपली बीज कंपनी तुम्ही उभी केलीत आणि तिच्याच सभेत हरलात, हे तुम्हाला लागलं असणार. मला लागलं नाही असं समजू नका. पण तुम्ही कारण तरी सांगायचं होतं. मक्याच्या बियाण्याचं गोदाम आणि रस्त्यापलीकडच्या पशुखाद्याचं गोदाम एक करायचं, एवढाच माझा प्रस्ताव होता. तुम्ही उठून म्हणालात, "बी म्हंजे जमिनीत जाणारं. ढेप म्हंजे पोटात जाणारं. एका छपराखाली नाई. नामंजूर." कुणी विचारलं, काऊन? तर पुन्हा, "नामंजूर." लहानपणापासून हा शब्द ऐकते आहे. सहलीला जाऊ का, नामंजूर. केस कापू का, नामंजूर.

मग मी पडद्यावर नकाशा दाखवला आणि बीबी गावच्या सभासद गीताबाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "पोरगी शिकून आली, तिचं आयका." बाकीचे हात त्यांच्यामागून वर गेले. तुम्ही टोपी उचललीत.

मी काय करते ते तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही, तर आता वाचा. नाव मोठं आहे, एंटरप्राइज आर्किटेक्चर. काम साधं आहे. कंपनीला जे करायचं असतं आणि तिचे संगणक जे करतात, त्यांची गाठच पडत नाही. कचेरीतला संगणक म्हणतो माल गेला, आणि माल गोदामात पडलेला असतो. मग आम्ही घराचा काढावा तसा आख्ख्या कंपनीचा नकाशा काढतो. वरच्या थरात धंदा, म्हणजे कोण काय काम करतं, एकेका कामाचा एकेक चौकोन. त्याखाली त्या कामाला लागणारी माहिती. त्याखाली ती माहिती सांभाळणाऱ्या प्रणाली, आणि तळाला यंत्रं आणि तारा. आधी आज जसं आहे तसं मांडायचं, मग उद्या जसं हवं तसं. दोन्हींमधली दरी दिसली की ती बुजवत जायचं. वरच्या चौकोनाशी ज्याचा धागा जुळत नाही ते काढून टाकायचं.

आपल्याकडे वाळवण, सफाई, वजन, साठवण, सगळं दोनदा आहे. एकदा बियाण्यासाठी, एकदा खाद्यासाठी. पुण्यात अशा दोनदाच्या गोष्टी मी किती कंपन्यांतून काढल्या, आणि घरच्या कंपनीत त्या राहू द्यायच्या?

तुमचा राग मात्र अजून एकाही चौकोनात बसत नाही. ऊन वाढायच्या आत या. तुमची खोली मी झाडून ठेवली आहे.

तुमची,
अपेक्षा


देऊळगाव राजा
३० मे २०२५

ती. आबांना,

तुमचं उत्तर नाही. ते येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी उठतेच.

नकाशा पुरा झाला. कचेरीच्या भिंतीवर लावला आहे. नवे अध्यक्ष ज्ञानेश्वरकाका येईल त्याला त्याच्यापुढे उभं करतात आणि काठीने दाखवतात. तुमचे जुने भागीदार आता अगदी गुरुजी झाले आहेत.

एक गंमत सांगते. आमचा नियम असा की प्रत्येक कामाला एकच धनी. चौकोन रिकामा ठेवता येत नाही, प्रणाली पुढे जाऊच देत नाही. सगळे चौकोन भरले, एक राहिला. पेरण्या उरकल्या की दुकानदार न खपलेलं बियाणं परत करतात. त्याचा निकाल कोण लावतो? ज्याला विचारलं तो म्हणाला, "ते आबा पाहत." कसं पाहत? ते कुणालाच नीट सांगता येईना. एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, आबा होते तवा होऊन जाये. शेवटी ज्ञानेश्वरकाका म्हणाले, "टाक तात्पुरतं त्याचंच नाव. कंपनीत त्याचं काहीतरी असू दे." म्हणून त्या चौकोनात तुम्ही आहात. परतीचा माल आला की तुमच्या फोनवर संदेश जाईल. काही करायचं नाही.

लोक निर्णयावर बसून राहतात म्हणून मी सगळीकडे एक कलम घातलं आहे. ठरल्या मुदतीत उत्तर न आल्यास मंजूर समजावं. तुमच्यासारख्या अबोल माणसांसाठीच आहे म्हणा. तुम्ही गप्प राहिलात की तो माल आपोआप खाद्याकडे जाईल. मका तो मका. बियाणं म्हणून खपला नाही तर खाद्य म्हणून खपेल.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. अमावास्येची कामबंदी मी उठवली. वरच्या थरातल्या कुठल्याच कामाशी तिचा धागा जुळेना. हजेरीच्या कागदांत तर त्या दिवशी नुसती सुट्टी. लिहिताना मला आपले अमावास्येचे रोडगे आठवले. भिंतीकडेला गोवऱ्यांची रास, वांग्याची भाजी, आणि तुम्ही आम्हा बहिणींना बजावायचात की निंबाच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, तिथे मुंजा आहे. झाडाला तांबडं फडकं तुम्हीच बांधलं होतं. बियाण्याला औषध लावायच्या ड्रमवरचा मोतीराम आणि बाकीचे गडी फावडी घेऊन तिकडे जायचे आणि विहिरीवर अंघोळ करूनच पंगतीला बसायचे. मी भिऊन तुमच्या मांडीआड दडायची. ताई अजून त्या बाजूला बघत नाही.

तो मुंजा मी हलवला, आबा. नव्या गोदामाचा पाया त्याच कोपऱ्यात घेतला. खोदताना आधी चुन्याचा पांढरा थर लागला, आणि त्याखाली माती गुलाबी, उग्र वासाची. मजुरांनी टिकाव टाकून दिले. मोतीरामची बायको नारळ-लिंबू घेऊन आली. मी म्हटलं, जुन्या इमारतीचा चुना असेल, जमीन क्षारी असेल, माझ्यापुढे हे नको. माती एका दिवसात भरून पाठवली. त्या जागी गवत कधीच उगवलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. पण ते तेवढंच.

अपेक्षा


देऊळगाव राजा
२ ऑगस्ट २०२५

ती. आबांना,

नवं गोदाम चालू झालं. बियाणं या बाजूने, खाद्य त्या बाजूने, मध्ये एकच सफाई, एकच काटा. कचेरीतला पडदा सांगतो तेच गोदामात दिसतं. हे दिसावं म्हणून मी पुणं सोडलं. पाहायला तुम्ही हवे होतात, आणि तुम्ही नाही याचा मला राग येतो. लिहून टाकते, म्हणजे डोक्यात राहणार नाही.

परतीचा मका आला, भरपूर आला. यंदा पावसाने दडी मारली तेव्हा अनेकांनी मका सोडून सोयाबीन घेतलं. तुमच्या फोनवर संदेश गेले असतील. तुम्ही पाहिले नसतील. मुदत संपली, माल पुढे गेला. गोदामाचा तो कोपरा आता स्वच्छ आहे. ज्ञानेश्वरकाका संचालकांना हात धरून दाखवत होते, "पाहा, वाया काहीच नाही."

गेल्या अमावास्येच्या आधी मोतीराम कचेरीत आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताई, आवस आली. आवसीचं कसं करायचं?"

मी म्हटलं, "मोतीरामकाका, त्या दिवशी काम चालू राहील. बदली सुट्टी देऊ तुम्हाला."

"सुट्टीचं नाई म्हणत मी..."

तेवढ्यात अकोल्याहून फोन आला. मी बोट वर करून थांबायला सांगितलं. बोलणं लांबलं. मान वर केली तर दारात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, काय म्हणत होतात? त्याने डोकं हलवलं. "राहू द्या. खाली गोदामात आता दुसरे लोक हाये, ते करत असन." त्याच्या पडद्यावर त्याचा ड्रम दिसतो, गोदाम दिसत नाही. तसंच मी ठेवलं आहे. ज्याला जे लागतं तेवढंच त्याच्यापुढे यावं.

बाकी काही विशेष नाही. भरड्याच्या यंत्रापाशी चिमण्या मरून पडतात. उकाडा फार आहे. चौकीदाराचा कुत्रा दोन दिवस तोंडातून फेस काढत होता, मग दिसला नाही. चौकीदार म्हणतो साप असेल.

पोळ्याला याल का? मी तुम्हाला घ्यायला गाडी पाठवते. फक्त मान डोलवा, ताई मला कळवेल.

अपेक्षा


देऊळगाव राजा
२१ ऑगस्ट २०२५

आबा,

आज घाईत आहे. दारात ट्रकची रांग लागली आहे. आज खांदेशेकणी, उद्या पोळा, आणि सगळ्यांना बैलांपुढे नवं पोतं फोडायचं आहे. या भागात एवढं खाद्य आपण एका आठवड्यात कधी पाठवलं नव्हतं. बीबीचा ट्रक काल गेला. सोनाळ्याकडच्या गाडीत ताईच्या बैलांसाठी दोन पोती मी माझ्याकडून टाकली आहेत. तुम्ही आज बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून त्यांच्या कानात आवतण द्याल, लहानपणी माझा हात धरून द्यायचात तसं. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी इथून म्हणते आहे असं समजा. माझं आमंत्रण तुम्ही घेत नाही, निदान बैलांनी घ्यावं.

सकाळी मोतीराम सांगत होता की खाद्याचा हौद धुतला तर तांबूस पाणी निघालं. मी म्हटलं, खाद्यातल्या उसाच्या मळीचा रंग असेल. हौद पाहायला मी जाणार होते, पण ट्रक थांबले होते.

उद्या जाईन. उद्या अमावास्या आहे, पण आपण चालूच आहोत.

अपेक्षा


देऊळगाव राजा
२५ ऑगस्ट २०२५

ती. आबा,

ताईशी बोलणं झालं म्हणून हे पत्र लिहू शकते आहे. फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती, तेवढ्या वेळात माझं काय झालं ते मला कागदावर आणता येणार नाही. मग ती म्हणाली, पोती गोठ्याबाहेर तशीच पडली आहेत, शिवण उसवलेली नाही. आबा म्हणे, एका छपराखालचं हाये, राहू दे तिथंच.

त्यांना कुणी हात लावू नका, गाडी पाठवून परत नेते, असं मी तिला सांगितलं.

इथलं सांगते. ऐकलं असेल तरी माझ्याकडून ऐका. पोळ्याच्या दिवशी दुपारी बीबीहून पहिला फोन आला. गीताबाईंचा एक बैल तोरणाखाली उभा असताना थरथरायला लागला आणि बसला तो उठला नाही. झूल अंगावरच होती. मग दुसरा. मग शेजारच्या गोठ्यातली म्हैस. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गावांतून फोन आले. गीताबाई नवं पोतं फोडलं की खवट आहे का पाहायला मूठभर तोंडात टाकायच्या, ती त्यांची जुनी सवय. बैलांचं आंबोणही हातानेच कालवलं होतं. त्यांना जालन्याच्या इस्पितळात नेलं आहे. मी गेले होते. काचेतून दिसल्या. त्यांच्या सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी ट्रक थांबवले. ज्ञानेश्वरकाका म्हणाले, घाई करू नको, आधी तपासणीचा कागद येऊ दे. मी ऐकलं नाही. गावोगाव ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायला लावलं. मोतीराम मोटारसायकलवर फिरला, त्याचं त्याने ठरवलं, मी सांगितलंही नव्हतं. वाटेत दिसेल त्या गोठ्यापुढे थांबायचा आणि ओरडायचा, "टोपलं काढा बैलापुढून, टोपलं काढा."

पोलीस आले आहेत, कृषी खात्याचे लोक आले आहेत. चौकशी चालली आहे. आपल्या प्रणालीत सगळ्याची नोंद असते, त्यामुळे कुणी काय ठरवलं ते लपत नाही.

तुम्हाला कंपनीतून किंवा आणखी कुठून फोन आला तर काही बोलू नका. तुम्हाला ऐकू येत नाही असं ताईने सांगायचं. असं का, ते आत्ता विचारू नका.

अपेक्षा


देऊळगाव राजा
३० ऑगस्ट २०२५

आबा,

गेल्या पत्रात मी एक गोष्ट गिळली. ती आज सांगते.

तपासणीचा कागद आला. खाद्यात बियाण्याला लावायचं औषध निघालं. परत आलेला मका औषध लावलेला होता, गुलाबी. गुलाबी म्हणजे विष, हे आपल्या अंगणातल्या पोरालाही ठाऊक. डोळ्यांना दिसतं म्हणून ते कुणी कधी लिहिलं नाही, आणि लिहिलेलं नव्हतं म्हणून माझ्या नकाशात आलं नाही. परतीची पाकिटं एका बंद तोंडाच्या यंत्रात फोडून रिकामी होतात, आतलं कुणाला दिसत नाही, ते यंत्रही मीच आणलं. माझ्या पडद्यावर तो फक्त मका होता. मळीत कालवल्यावर रंगही दिसला नाही. मी औषधाच्या ड्रमशेजारी वाढलेली मुलगी, आणि मी लिहिलं, मका तो मका.

मोतीरामने काल मला निंबापलीकडच्या त्या जागेपाशी नेलं. म्हणाला, "ताई, आवसीले आम्ही ड्रम धुवायचो. परतीचं गुलाबी बी, झाडलोट, सारं हितं खड्ड्यात, वरून चुना. आबाचा हुकूम होता, तिथीवर तिथी चुकली नाई पायजे. त्या दिवशी मजुरी नसे, हजेरी नसे, म्हून कागदावर काईच नाई. मी सांगाले आल्तो." मी म्हटलं, मग काऊन नाही सांगितलं? तो म्हणाला, "तुमी बोट वर केलं."

म्हणजे मुंजा खोटा होता आणि खड्डा खरा होता. पोरांनी विषाजवळ जाऊ नये म्हणून तुम्ही भूत बसवलं. मी भूत हाकललं आणि माझ्या अंगात शहाणपणाचा केवढा वारा भरला होता, ते मागच्या पत्रांत आहेच. ती जाळून टाका.

आता गिळलेलं. नोंद असं सांगते की परतीचा मका खाद्याकडे पाठवायला मंजुरी मिळाली होती. मंजुरी देणाऱ्याचं नाव उत्तमराव. तुमचं नाव, आबा. संदेशापुढे संदेश, आणि प्रत्येकापुढे मंजूर. तुम्ही एकही उघडला नव्हता. माझ्या कलमाने तुमच्या गप्प राहण्याचा होकार केला. पोलिसांनी त्या पानाची प्रत घेतली आहे. ज्ञानेश्वरकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू काही करू नको. म्हातारा माणूस आहे, त्याला कोण काय करणार? तुझ्यापुढे आयुष्य आहे, कंपनीपुढे आहे. नाव आहे तसं राहू दे." ते हे प्रेमाने म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी काल दुरुस्ती टाकली. त्या चौकोनात पहिल्या दिवसापासून माझं नाव हवं होतं, चुकीने दुसऱ्याचं पडलं, अशी. धनी बदलायचा तर आधीच्या धन्याची संमती लागते. तो नियमही माझाच. तुमच्या फोनवर संदेश गेला आहे. उत्तर न आल्यास मंजूर. हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत मुदत संपलेली असेल, तसा हिशेब करूनच टपालात टाकते आहे.

वर्षभर मी तुमच्या एका शब्दासाठी जीव टाकला. आता एकच मागते. नेहमीसारखे गप्प राहा.

अपेक्षा


देऊळगाव राजा
३ सप्टेंबर २०२५

आबा,

आज पहाटे गीताबाई गेल्या. ज्ञानेश्वरकाकांनी कचेरीतल्या सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे गीताबाईंचा सभेतला हात होता, बाकीच्यांच्या आधी वर गेलेला. आता गुन्हा वेगळा लागेल, असं पोलीस म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, लिहून घ्या, निर्णय माझा होता. साहेब भले आहेत. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, वर पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "मॅडम, लेक बापासाठी असंच बोलणार. तुमचीच प्रणाली म्हणते की तिच्यात खोटं शिरूच शकत नाही. भिंतीवर लिहिलं आहे तुम्ही." खरंच लिहिलं आहे. मीच लावलं होतं ते, नकाशाच्या वर, मोठ्या अक्षरांत.

मी म्हटलं, थोडं थांबा, आज दुपारी दुरुस्ती पक्की होते आहे, मग पाहा. मी पडद्यापुढे बसून राहिले. मुदत संपायला थोडा अवकाश होता तेव्हा ती ओळ हलली. मंजूर व्हायला वेळ होता, म्हणून मला आधी कळलंच नाही की काय झालं आहे. मग वाचलं.

नामंजूर. उत्तमराव.

मी ताईला फोन केला. ती रडत होती. म्हणाली, पोती परत न्यायला आलेल्या ड्रायव्हरकडून आबांनी सगळं काढून घेतलं. दोन दिवस फोन उशाशी घेऊन बसले होते. आज मला बोलावलं आणि तुझा संदेश वाचून दाखवायला लावला, दोनदा. मग विचारलं, "यातलं कोणतं दाबलं की तिचं नाव लागत नाई?" मी म्हटलं, आबा, राहू द्या, ती म्हणते तसं होऊ द्या. तर म्हणाले, "कंपनी मी काढली. खड्डा मी खंदला. पोरीईले खरं सांगायचं सोडून मुंजा मी बसवला. सभेतही सांगतलं नाई, टोपी घेऊन निंगून आलो. धनी मीच हाये." चष्मा लावला आणि स्वतःच्या बोटाने दाबलं. तीनदा दाबावं लागलं म्हणे. मग अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि दारातल्या खाटेवर जाऊन बसले. ताईला म्हणाले, "ते आले की चहा टाक."

पोलिसांची जीप तर सकाळीच सुटली आहे. ती या पत्राच्या आधी पोहोचेल आणि कदाचित माझ्याही आधी. बस सुटायची वाट पाहत मी हे लिहिते आहे. वाटेत टपालात टाकणार नाही, बरोबरच आणते. तुमच्या मांडीवर ठेवेन, आणि ते तुम्हाला नेत असतील तर खिशात घालेन.

मी त्यांना पुन्हा सांगेन, आणि कोर्टातही सांगेन, ऐकेपर्यंत सांगेन. ते मानतील का, मला माहीत नाही. पडद्यावर जे आहे त्यापुढे माणसाचं बोलणं फिकं पडावं, अशीच घडण मी केली आहे.

वर्षभरात तुम्ही मला दिलेलं हे पहिलं उत्तर, आबा. आणि तेही नाहीच म्हणालात.

अपेक्षा